भोंग्याचा आवाज आणि आपला जीव

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील कष्टकरी माणसाचा दिवस रेल्वेच्या घड्याळावर चालतो. कल्याणच्या पुढे या मार्गावर 1856 साली गाडी धावू लागली. आज सकाळची लोकल चुकली की साहेबांची बोलणी, नाही तर अर्ध्या दिवसाचा खाडा. या घाईपायी जिना टाळून रूळ ओलांडणारे आपले कितीतरी बंधू-भगिनी आम्ही पाहतो. त्यांना हटकले तर उत्तर ठरलेले असते, “गाडी आली की आवाज येतोच की!”

हा भरवसा कितपत खरा आहे? ते आज विज्ञानाच्या कसोटीवर तपासू या. वाचकहो, मुलांना जवळ बसवूनच हा लेख वाचा. त्यांच्या शाळेच्या पुस्तकातला ध्वनीचा धडाच यात आहे.

आवाज म्हणजे काय?

गच्च भरलेल्या डब्यात दाराकडून एक रेटा येतो. प्रत्येक जण जेमतेम वीतभर हलतो आणि पुन्हा आपल्या जागी येतो, पण रेटा मात्र थेट पलीकडच्या दारापर्यंत पोहोचतो. माणसे जागेवर आणि रेटा पुढे, यालाच तरंग म्हणतात. भोंगा वाजला की शेजारच्या हवेला असेच धक्के बसतात आणि ते एकामागून एक आपल्या कानाच्या पडद्यावर येऊन आदळतात. एका सेकंदात धक्के जास्त असतील तर आवाज चढा, कमी असतील तर खालच्या पट्टीतला.

धक्का पुढे न्यायला हवा, पाणी किंवा लोखंड असे काहीतरी लागते. प्रकाशाच्या तरंगाला मात्र कशाचीच गरज नसते. म्हणून सूर्याचा उजेड पोकळीतून आपल्यापर्यंत येतो, आवाज येत नाही.

तीन वेग लक्षात ठेवा

प्रकाश एका सेकंदात सुमारे 3 लाख किलोमीटर जातो. हवेतला आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणून पावसाळ्यात वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो. दोन्हींमध्ये तीन सेकंद गेले, तर वीज सुमारे एक किलोमीटरवर चमकली असे समजावे.

आता तिसरा वेग पाहा. ताशी 100 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला 28 मीटर कापते. म्हणजे 300 मीटरवर दिसणारी गाडी 11 सेकंदांत आपल्यापाशी! कडेवर मूल आणि हातात पिशवी घेऊन खडीतून दोन-तीन मार्ग ओलांडायला किती वेळ लागतो, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

सूर का बदलतो?

पुण्याकडची एखादी जलद गाडी न थांबता स्थानकातून जाते, तेव्हा नीट ऐका. येताना भोंगा चढा वाटतो आणि समोरून गेली की एकदम उतरतो. मोटरमनने काहीच बदललेले नसते. गाडी पुढे धावत असल्यामुळे पुढचे तरंग दाटीने येतात आणि मागचे विरळ होतात. गाडी ताशी 100 किलोमीटरने जात असेल, तर भोंग्याचे सेकंदाला 400 धक्के येताना सुमारे 436 आणि जाताना 370 ऐकू येतात. भीमगीतांना पेटीची साथ करणाऱ्याला हा फरक लगेच उमगेल. काळ्या-पांढऱ्या मिळून जवळजवळ तीन पट्ट्यांचा तो उतार आहे.

ऑस्ट्रियाच्या डॉपलर या शास्त्रज्ञाने 1842 साली हा नियम मांडला. 1845 साली हॉलंडमध्ये बाइस बॅलट यांनी तो चक्क रेल्वेवर तपासला. गाडीत वाजंत्री बसवले आणि रुळांच्या कडेला सुरांची जाण असलेली माणसे उभी केली. गरोदर भगिनींच्या सोनोग्राफीत ‘डॉपलर’ लिहिलेले असते, तो हाच नियम. तेथे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीने रक्ताचा प्रवाह मोजतात.

मग कान फसतो कोठे?

भिंतीआडून आईने हाक मारली तर ऐकू येते, पण आई दिसत नाही. आवाजाचे तरंग हातभर, वावभर लांब असल्याने ते कोपऱ्यावरून वळतात. प्रकाशाचे तरंग मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असल्याने ते तसे वळत नाहीत. आवाज भिंतींवर, छपरांवर आपटून परतही येतो. त्यामुळे गाडी नेमकी कोणत्या बाजूने येते, याचा अंदाज चुकतो.

सर्वांत मोठा धोका पुढे आहे. एक लोकल शेजारून धडधडत जात असली की तिच्या मोठ्या आवाजाखाली दुसऱ्या गाडीचा आवाज बुडून जातो. ‘गाडी गेली’ म्हणून माणूस पाऊल टाकतो आणि पलीकडच्या मार्गावर दुसरी गाडी आलेली असते. कानात मोबाइलची गाणी असतील, तर बोलायलाच नको.

डोळाही फसतो. रात्री समोरून येणारा दिवा बराच वेळ एकाच जागी असल्यासारखा दिसतो. प्रकाश क्षणात पोहोचतो, पण गाडी किती लांब आहे आणि किती वेगात आहे, हे एकटा दिवा सांगत नाही.

रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 नुसार रूळ ओलांडणे गुन्हा आहे. पण दंडाच्या भीतीपेक्षा समजून उमजून आलेले शहाणपण जास्त टिकते. जिना कोठे लांब आहे, कोठे मोडका आहे, याची तक्रार आपण एकजुटीने जरूर करावी आणि नवा पूल मागावा. तोवर पाच मिनिटे आधी घर सोडावे.

येत्या रविवारी मुलांना स्थानकाच्या पुलावर न्या आणि तेथून भोंग्याचा सूर उतरताना ऐकवा. विज्ञानाचा धडा पुलावरून शिकता येतो, त्यासाठी रुळांवर उतरावे लागत नाही.