विश्लेषण : स्वस्त सीएनसी मशीनमध्ये आधी काय बदलावे?

नावाची पाटी कोरून होत आली आहे. शेवटची दोन अक्षरे उरली असताना मशीन अचानक थांबते किंवा दोन मिलिमीटर सरकून पुढे कोरू लागते. पाटी वाया जाते. टेबलावर मावणारे स्वस्त सीएनसी मशीन वापरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी ‘कंट्रोलर बोर्ड बदला’ हा सल्ला हमखास मिळतो. पण दोष बोर्डातच असतो का?

‘३०१८’ मशीन म्हणजे काय?

कामाची जागा साधारण ३०० बाय १८० मिलिमीटर, म्हणून हे नाव. त्यात तीन अक्षांसाठी स्टेपर मोटर, कोरकामासाठी ‘७७५’ प्रकारची डीसी मोटर, २४ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर आणि कंट्रोलर बोर्ड असतो. अनेक बोर्डांवर आर्डुइनो उनोमधलीच ८ बिटची चिप आणि ‘जीआरबीएल’ हे मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर असते.

मशीन चुकते कशामुळे?

बोर्ड स्टेपर मोटरला पल्स पाठवतो. मोटर तेवढी फिरली की नाही, हे मात्र तो तपासत नाही. बिट बोथट असेल किंवा काप खोल असेल, तर मोटर अडखळते आणि पुढचे सगळे कोरकाम सरकते. मध्येच संपर्क तुटण्याचे कारण बहुतेकदा वेगळे असते. ७७५ मोटरच्या ब्रशपाशी ठिणग्या उडतात, त्यातून विद्युत व्यत्यय निर्माण होतो आणि यूएसबी जोडणी तुटते. नवा बोर्ड लावला तरी तीच मोटर आणि तेच वायरिंग कायम राहते.

नव्या बोर्डाने काय साधते?

ईएसपी३२ चिपच्या ३२ बिटच्या बोर्डांवर वाय-फाय आणि बहुधा एसडी कार्डची सोय असते. कार्डवरून काम चालवल्यास लॅपटॉप ‘स्लीप’मध्ये गेला तरी अडत नाही. टीएमसी२२०९ ड्रायव्हरमुळे स्टेपरचा आवाज खूप कमी होतो. वेगाचे गणित मात्र वेगळे आहे. जुना बोर्ड सेकंदाला सुमारे ३०,००० पल्स देऊ शकतो. एका मिलिमीटरला ८०० पल्स धरले, तर मिनिटाला २,२५० मिलिमीटर होतात. लाकूड कोरताना त्याआधीच मशीनचा हलका सांगाडा थरथरू लागतो.

मग आधी काय करावे?

पहिला खर्च इमर्जन्सी स्टॉप बटणावर करावा. यूएसबी तुटली की स्क्रीनवरचे स्टॉप बटण निरुपयोगी ठरते. अक्ष थांबतात, पण कोरणारी मोटर फिरतच राहते आणि बिट एकाच जागी घासून लाकूड करपते. लेझर जोडलेला असेल तर आगीचाही धोका असतो. म्हणून हे बटण थेट २४ व्होल्टचा पुरवठा तोडणारे हवे. ते दाबल्यावर मशीन पुन्हा ‘होम’ करावे लागते. त्यासाठी लिमिट स्विच बसवावेत. त्यामुळे मशीनला आपली सुरुवातीची जागा दरवेळी सापडते.

यानंतर ७७५ मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावावा. मोटरच्या वायर स्विचच्या वायरींपासून दूर न्याव्यात. यूएसबी केबल आखूड आणि फेराइट असलेली घ्यावी.

बोर्ड बदलायचाच असेल तर?

जुन्या बोर्डाला ‘$$’ ही आज्ञा देऊन येणारी सेटिंगची यादी जपून ठेवावी. वीज चालू असताना स्टेपरची वायर काढू नये, ड्रायव्हर जळू शकतो. ड्रायव्हरचा करंट मोटरच्या क्षमतेनुसारच ठेवावा. हे सगळे करूनही संपर्क तुटत असेल किंवा एसडी कार्डची खरोखर गरज असेल, तरच नव्या बोर्डाचा खर्च सार्थकी लागतो.