चांदीचे ओस गाव

केरळच्या किनाऱ्यावरील कोळिकोड या बंदराला युरोपातील व्यापारी कालिकत म्हणत. त्या बंदरातून जहाजे भरभरून सुती कापड पश्चिमेकडे जाई, म्हणून इंग्रजीत त्या कापडाला 'कॅलिको' हे नाव पडले. पुढे अमेरिकेत हाच शब्द रंगीत नक्षी छापलेल्या कापडासाठी, म्हणजे आपण ज्याला छीट म्हणतो त्यासाठी, वापरात आला. कॅलिफोर्निया राज्यातील मोहावीच्या वाळवंटात काही डोंगर असे आहेत, की त्यांच्या अंगावर तांबडे, पिवळसर, हिरवट आणि जांभळट असे अनेक रंगांचे पट्टे दिसतात. खडकांतील निरनिराळ्या खनिजांमुळे हे रंग आले आहेत. ते पाहून कोणाला तरी छिटाच्या घागऱ्याची आठवण झाली आणि डोंगरांना कॅलिको हे नाव मिळाले. अशा रीतीने आपल्या देशातील एका बंदराचे नाव पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, जेथे समुद्र नाही व झाडही नाही, अशा जागी जाऊन बसले आहे.

या डोंगरात 1881 साली चांदी सापडली. ही बातमी पसरताच माणसांचा लोंढा तेथे लोटला. दोनतीन वर्षांतच उतारावरील एका अरुंद सपाटीवर गाव उभे राहिले. टपालकचेरी, खाणावळी, दुकाने, दारूचे गुत्ते, शाळा हे सारे आले. एक साप्ताहिक वृत्तपत्रही निघाले. त्याचे नाव मोठे गमतीचे होते: 'कॅलिको प्रिंट'. त्याचा अर्थ कॅलिकोची छपाई असाही होतो आणि छापील छीट असाही होतो! भरभराटीच्या काळात गावाची वस्ती बाराशेच्या आसपास होती, आणि भोवतालच्या डोंगरात लहानमोठ्या मिळून पाचशे खाणी होत्या. बारा वर्षांत येथून सुमारे दोन कोटी डॉलर किमतीची चांदी निघाली, असा अंदाज आहे.

परंतु तेथे राहणे सुखाचे नव्हते. उन्हाळ्यात हवेचे तपमान चाळीस अंशांच्या वर जाते. पाणी दुरून गाडीने आणावे लागे. इमारती लाकूड तर त्या मुलखात नाहीच, तेही बाहेरून आणायचे. म्हणून कित्येकांनी मातीच्या कच्च्या विटांची घरे बांधली, तर काहींनी डोंगराच्या कुशीत बिळासारखी गुहा खोदून तोंडाशी एक दार बसविले, की झाले घर! गावाला आगीही लागल्या आणि ते पुनःपुन्हा बांधले गेले. खाणीतून निघालेला खडक खेचरांच्या गाड्यांतून खाली दूरच्या गिरणीत न्यावा लागे. तेथे त्याचा चुरा करून चांदी वेगळी काढीत. त्या काळची एक आठवण तेथील लोक अजून कौतुकाने सांगतात. गावच्या टपालमास्तरांनी डॉर्सी नावाचा एक कुत्रा पाळला होता. पाठीवर टपालाच्या छोट्या पिशव्या बांधून तो जवळच्या खाणवस्तीपर्यंत एकटाच जाई आणि परत येई.

असे हे गाव मग ओस का पडले? डोंगरातील चांदी संपली म्हणून नव्हे. चांदीची किंमत उतरली म्हणून.

खाणीतून एक औंस चांदी काढण्यास ठरावीक खर्च येतो. मजुरी, खेचरांचा चारा, लाकूड, पाणी हा खर्च काही केल्या टळत नाही. गाव वसले तेव्हा औंसभर चांदीला एक डॉलरहून अधिक भाव होता. पुढे एकीकडे अमेरिकेतल्या खाणींतून उदंड चांदी बाहेर येऊ लागली आणि दुसरीकडे युरोपातील एकेका देशाने चांदीचे चलन सोडून सोन्याचे धरले. माल वाढला, गिऱ्हाईक घटले. आता येथे आपल्या देशाचा पुन्हा एकदा संबंध येतो. त्या वेळी हिंदुस्थानचा रुपया चांदीचा होता. कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावे आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मोकळीक होती. त्यामुळे जगातील चांदीला हा देश म्हणजे एक मोठा आधार होता. 26 जून 1893 रोजी इंग्रज सरकारने ही मोकळीक बंद केली. काही दिवसांतच जगभर चांदीचा भाव कोसळला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या सरकारनेही चांदीची ठरावीक खरेदी करण्याचा आपला कायदा रद्द केला. 1894 साली भाव औंसाला त्रेसष्ट सेंटांच्या आसपास आला. कॅलिकोला उतरती कळा आधीच लागली होती. आता सावरण्याची आशाही उरली नाही. चांदी डोंगरात तशीच राहिली, कारण ती काढण्याचा खर्चही भरून येईना.

माणसे निघाली ती रिकाम्या हातांनी नव्हे. लाकूड महाग असल्यामुळे कित्येकांनी घरेच्या घरे उचलून शेजारच्या गावी नेली. आसपासच्या खाणींतून टाकणखार निघत असे, त्यावर काही कुटुंबे थोडा काळ तगली. 1907 पर्यंत तोही धंदा तेथून उठला. मागे राहिल्या त्या पडक्या भिंती आणि वारा.

पुढची कथा वॉल्टर नॉट यांची आहे. तरुणपणी त्यांनी या वाळवंटात शेती करण्याचा प्रयत्न केला होता आणि कॅलिकोतही मजुरी केली होती. नंतर दुसऱ्या ठिकाणी फळांच्या मळ्यावर त्यांनी पुष्कळ पैसा मिळविला. 1951 साली त्यांनी हे ओस गाव विकत घेतले आणि जुनी छायाचित्रे पुढे ठेवून 1880 नंतरच्या दशकात ते जसे दिसे तसे पुन्हा उभारले. 1966 साली त्यांनी ते सॅन बर्नार्डिनो जिल्ह्याच्या स्वाधीन केले. आज ते सार्वजनिक उद्यान आहे.

माझी कन्या त्या राज्यात राहते. तिच्या कुटुंबासमवेत हिवाळ्यात मी तेथे दोन रात्री मुक्काम केला. लॉस एंजेलिसहून सुमारे दोनशे किलोमीटरवर, मोठ्या हमरस्त्यापासून थोडे आत हे गाव आहे. एकच चढणीचा रस्ता आणि दुतर्फा लाकडी ओसऱ्यांची दुकाने. टोप्या आणि मिठाई विकणारी ती दुकाने मला फारशी रुचली नाहीत, हे कबूल केले पाहिजे. माझ्या नातीने मात्र एक चांगला प्रश्न विचारला. "आजोबा, यांतले खरे घर कोणते?" ते शोधीत आम्ही सकाळभर हिंडलो. मूळची म्हणून पाचच घरे शिल्लक होती. बाकीची नंतरची आहेत. शाळेची इमारतसुद्धा नवी आहे. मूळच्या घरांपैकी एकात लूसी लेन नावाच्या बाई राहत असत. त्या लहानपणी या गावी आल्या. गाव मोडल्यावर काही वर्षे बाहेर राहून त्या पुन्हा परतल्या आणि 1960 नंतरच्या दशकापर्यंत तेथेच राहिल्या. गाव वसलेले, उजाड झालेले आणि पुन्हा उभे राहिलेले असे तिन्ही त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यांच्या घरात आता संग्रहालय आहे. माझ्या नातीला तेच सर्वांत खरे वाटले.

मॅगी नावाची एक जुनी खाण प्रेक्षकांसाठी खुली आहे. बाकीच्या खाणींत कोणीही पाऊल टाकू नये. आतले लाकडी टेकू कुजलेले असतात, जमिनीत खोल विवरे असतात, आणि काही ठिकाणी हवा इतकी दूषित असते, की माणूस आत गेला तर बेशुद्ध होऊन पडतो.

तंबूंची जागा गावाच्या पायथ्याशी एका घळीत आहे. दुपारी आम्ही सदऱ्यांवर होतो. रात्री दोन दोन कांबळी पुरेनात. याचे कारण कोरडी हवा. आपल्याकडे हवेतील बाष्प आणि ढग जमिनीची ऊब पांघरुणासारखी धरून ठेवतात. वाळवंटात ते पांघरूणच नाही, त्यामुळे सूर्य मावळताच दिवसभराची उष्णता आकाशात निघून जाते. ज्या कोरड्या हवेने आम्हांला कुडकुडविले, तिच्यामुळेच तारे इतके दाट दिसत होते, की नेहमीची नक्षत्रे ओळखणे कठीण झाले. वर डोंगराच्या काळ्या अंगावर खाणींची तोंडे त्याहूनही काळी दिसत होती. नात ती मोजू लागली आणि सतराच्या पुढे तिला झोप लागली.