अटळ बदल आणि त्याचा भार : गिरणगावाचा धडा

बदल अटळ असतो हे विधान इतके सर्वमान्य झाले आहे की त्याच्या पोटातले दोन वेगळे प्रश्न सहसा एकच मानले जातात. तंत्र, बाजारपेठ किंवा लोकांची आवड बदलल्यावर एखादा व्यवसाय जुन्या रूपात टिकेल का, हा पहिला प्रश्न होय; आणि तो टिकणार नसेल तर त्या स्थित्यंतराची किंमत कोणी, किती आणि किती काळात चुकती करायची, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा कोणा एकाच्या हाती नसते, परंतु दुसऱ्याचे उत्तर कायदे, करार, बचत, संघटना आणि वेळेवर घेतलेले किंवा न घेतलेले निर्णय यांतून घडते. मुंबईच्या कापडगिरण्यांचा उदय आणि अस्त हे दोन्ही प्रश्न वेगळे करून पाहण्यासाठी महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात उपलब्ध असलेले सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे, कारण तिथे एकाच बदलाला मालक, कामगार, शासन आणि कामगारांच्या घरातील स्त्रिया अशा चार घटकांनी चार वेगळ्या साधनांनिशी तोंड दिले.

बदल पचवण्याचा पूर्वेतिहास

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि मुंबईत यांत्रिक कापडउद्योगाचा पाया घातला गेला. आरंभीच्या काळात या गिरण्यांचा मोठा आधार कापड नसून सूत होता आणि त्या सुताचे महत्त्वाचे गिऱ्हाईक चीन होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मात्र या रचनेला एकामागून एक धक्के बसले. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने भारतीय टांकसाळींत चांदीची नाणी मुक्तपणे पाडून देणे बंद केल्यामुळे रुपया आणि चांदीवर चालणारे चिनी चलन यांच्यातील विनिमयाचे गणित बिघडले. जपानी गिरण्या चीनच्या बाजारात उतरल्या. आणि १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आल्यामुळे कामगार मोठ्या संख्येने शहर सोडून गावी गेले.

या संकटातून उद्योग सावरला तो उत्पादन बदलून. सूत निर्यात करण्याऐवजी त्याच सुताचे कापड विणून ते देशातील बाजारात विकण्याकडे गिरण्या हळूहळू वळल्या, आणि १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीने या वळणाला बळ दिले. हे शक्य झाले याचे कारण असे की गिरणीच्या इमारती, कापूसखरेदीची व्यवस्था, भांडवल उभे करण्याची पत आणि कामगारांच्या हातातील कसब या साऱ्या गोष्टी नव्या उत्पादनातही उपयोगी पडणाऱ्या होत्या. एका कामासाठी कमावलेली साधने जितक्या प्रमाणात दुसऱ्या कामी येतात, त्या गुणाला हस्तांतरणीयता म्हणता येईल. बदलाला तोंड देण्याची कुवत धैर्यावर किंवा आशावादावर काही अंशी अवलंबून असते हे खरे, तथापि तिचा मुख्य आधार ही हस्तांतरणीयता असते, आणि ती कोणाच्या वाट्याला किती आली आहे यावर स्थित्यंतराचा शेवट ठरतो.

कापड राहिले, गिरणी गेली

गिरण्या बंद पडल्या म्हणजे कापडाचा धंदाच बुडाला, अशी एक समजूत आढळते. ती वस्तुस्थितीला धरून नाही. स्वातंत्र्यानंतर हातमागाच्या रक्षणासाठी सरकारने गिरण्यांतील मागांची संख्या वाढवण्यावर बंधने घातली, पण त्याचा मोठा लाभ हातमागाऐवजी यंत्रमागाला मिळाला. विजेवर चालणारे थोडे माग छोट्या गाळ्यात बसवून केलेल्या विणकामाला यंत्रमाग उद्योग म्हणतात. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजी ही त्याची महाराष्ट्रातील मोठी केंद्रे होत. अशा विखुरलेल्या कारखान्यांत कामाचे तास अधिक, मजुरी कमी, करांचा बोजा हलका आणि कामगार कायद्यांची अंमलबजावणी शिथिल असल्यामुळे तेथील कापड गिरणीच्या कापडापेक्षा स्वस्त पडत असे. त्याच सुमारास कृत्रिम धाग्यांच्या, टिकाऊ आणि इस्त्रीची फारशी गरज नसलेल्या कापडाची मागणीही वाढत गेली.

या परिस्थितीत काही गिरण्यांनी यंत्रे बदलली, परंतु अनेक मालकांनी नफा अन्य उद्योगांकडे वळवला आणि जुने माग, ज्यांना गिरणीच्या भाषेत साचे म्हणत, झिजेपर्यंत चालवले. पुढे तर कित्येक गिरण्या यंत्रमागावर कापड विणून घेऊन त्यावर स्वतःचा छाप मारून विकू लागल्या. याचा अर्थ, उत्पादन थांबले नव्हते. ते संघटित, कायद्याच्या संरक्षणाखालील जागेतून असंघटित जागेकडे सरकले होते, आणि या सरकण्यातून वाचलेल्या खर्चाचा मोठा भाग म्हणजे कामगारांची सुरक्षितता होती.

वाटाघाटीची बंद वाट

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. वेतनवाढ, घरभाडे भत्ता आणि बदली कामगारांना कायम करणे या मागण्यांइतकीच महत्त्वाची मागणी मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ रद्द करण्याची होती. कायम कामगार गैरहजर असेल तेवढ्यापुरते काम मिळणाऱ्याला बदली कामगार म्हणत. तो रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात येई आणि काम मिळेल की नाही हे त्याला तिथेच कळे. अशी अनिश्चितता वर्षानुवर्षे सोसणाऱ्यांची संख्या मोठी होती. वरील कायद्यानुसार एका भागातील एका उद्योगात वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला असे, आणि तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. बहुसंख्य कामगार सामंत यांच्या ज्या संघटनेमागे उभे होते तिच्याशी बोलणी करण्यास कायद्याचा आधार नव्हता, आणि जिच्याशी बोलणी होऊ शकत होती तिच्यावर कामगारांचा विश्वास उरला नव्हता.

संपाच्या यशापयशाची चर्चा बहुधा नेतृत्वाच्या हट्टाभोवती किंवा मालकांच्या निष्ठुरपणाभोवती फिरते. परंतु बदलाच्या दृष्टीने पाहता अधिक गंभीर गोष्ट ही आहे की उद्योग कोणत्या दिशेने चालला आहे, किती कामे कमी होणार आहेत आणि त्याच्या मोबदल्यात काय मिळणार आहे, यावर सर्व पक्षांना एकत्र बसता येईल असे ठिकाणच अस्तित्वात नव्हते. संप अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. तो हळूहळू विरत गेला, आणि सुमारे लाखभर किंवा त्याहूनही अधिक कामगार पुन्हा कामावर जाऊ शकले नाहीत. १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतील तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, तरी उद्योगाच्या घसरणीची दिशा त्यामुळे पालटली नाही.

जमीन आणि कसब

गिरणी थांबल्यावर मालकाकडे जमीन उरली आणि कामगाराकडे कसब उरले, आणि या दोन साधनांचे पुढे जे झाले त्यातच स्थित्यंतराच्या भाराची वाटणी दिसून येते. मध्य मुंबईत, म्हणजे गिरणगावात, गिरण्यांच्या ताब्यात सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिच्या पुनर्विकासाचा मार्ग खुला केला आणि स्थूलमानाने तिचे तीन भाग कल्पिले: एक महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण संस्थेकडे परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकाकडे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली १९९६ मध्ये नेमलेल्या समितीने या जमिनींचा सुटासुटा विचार न करता एकत्रित आराखडा करण्याचा आग्रह धरला. प्रत्यक्षात २००१ मध्ये नियम बदलून ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या रिकाम्या जागेपुरती मर्यादित करण्यात आली. गिरण्यांच्या आवारात अशी जागा थोडीच असल्यामुळे शहराच्या आणि घरांच्या वाट्याला येणारे क्षेत्र फार घटले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या बदलाच्या विरोधात दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये फिरवला.

अशा रीतीने मालकाचे साधन बदलानंतर अनेक पटींनी मौल्यवान झाले. कामगाराच्या कसबाचे उलटे झाले. साचा चालवण्याचे कौशल्य भिवंडीत उपयोगी पडत होते, पण तिथे ते कमी दराने, भविष्यनिर्वाह निधी आणि भरपगारी रजेशिवाय विकावे लागे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला नवा धंदा शिकण्यासाठी हातात वेळ आणि शिल्लक दोन्ही लागतात, आणि दीर्घ संपाने नेमक्या याच दोन गोष्टी संपवल्या होत्या. कोकण, सातारा, कोल्हापूरकडील गावांशी टिकलेले नाते अनेकांना तगवून गेले, तथापि ज्या शेतीत भागत नाही म्हणून कुटुंबातला एकजण मुंबईला आला होता, तीच शेती आता परतलेल्या कुटुंबाला पोसू शकत नव्हती.

तीन वर्षांचा आधार

शासनाला या प्रश्नाची जाणीवच नव्हती असे म्हणता येणार नाही. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने न चालणाऱ्या गिरण्या बंद होऊ देण्याची भूमिका स्वीकारली आणि त्यासोबत वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना आणली. गिरणी बंद झाल्यावर कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत द्यायची, म्हणजे उतरत्या क्रमाने आधार कमी करत नेऊन दरम्यानच्या काळात त्याला दुसऱ्या कामात स्थिर होऊ द्यायचे, ही तिची कल्पना होती. कल्पना योग्य होती, पण मूळ योजना संपूर्णपणे बंद झालेल्या गिरणीच्या कामगारांसाठी होती, आणि अनेक गिरण्या कागदोपत्री बंद न होता एकेक खाते थांबवत मरत होत्या. ज्याची नोकरी प्रत्यक्षात गेली आहे परंतु ज्याची गिरणी कायद्याच्या दृष्टीने जिवंत आहे, असा कामगार या आधाराच्या बाहेर राहिला.

खानावळींतून उभी राहिलेली संस्था

याच गिरणगावात बदलाला वेगळ्या पद्धतीने सामोरे जाण्याचे एक उदाहरण घडले, आणि ते संपाच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. कुटुंब गावी ठेवून आलेल्या कामगारांना महिन्याच्या हिशेबाने जेवण देणाऱ्या खानावळी बहुतांशी स्त्रिया आपल्या खोलीतच चालवत. पगाराच्या दिवशी पैसे मिळत असल्यामुळे महिनाभराचा किराणा उधारीवर आणावा लागे आणि वाणी व सावकार यांच्या व्याजात कष्टाचा मोठा भाग जाई. गोवा मुक्तिलढ्यात आणि नंतर कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या स्त्रियांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि तारणाऐवजी गटाच्या परस्पर जामिनावर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले.

गिरण्या थांबल्यावर खानावळीचे गिऱ्हाईकही आटले. म्हणजे बदलाचा फटका या स्त्रियांनाही चुकला नाही. परंतु संस्था उभी राहिल्यामुळे कचेऱ्यांना जेवण पुरवणे आणि समारंभांसाठी खाद्यपदार्थ तयार करणे अशा नव्या कामांकडे त्यांच्यातील अनेकींना वळता आले. त्यांचे पाककौशल्य पूर्वीही होतेच. त्याला पत, हिशेबाची शिस्त आणि सामूहिक नाव यांची जोड मिळाल्यावर ते हस्तांतरणीय झाले. गिरणीत अनेक वर्षे काम केलेल्या विणकराजवळ कसब या स्त्रियांपेक्षा कमी नव्हते, पण ते गिरणीच्या बाहेर नेऊन उभे करणारी अशी व्यवस्था त्याच्याजवळ नव्हती.

वेगळ्या वाटेचे उदाहरण

असा बदल अन्यत्र वेगळ्या रीतीने हाताळला गेला आहे. १९५७ च्या सुमारास पश्चिम जर्मनीच्या कोळसाखाणींत सुमारे सहा लाख माणसे काम करत होती आणि रूर हे त्यांचे मुख्य केंद्र होते. स्वस्त तेल आणि आयात कोळसा यांच्यापुढे त्या खाणी टिकणार नव्हत्या, हे पुढच्या दशकातच स्पष्ट झाले. १९६५ मध्ये रूरमधील बोखुम येथे विद्यापीठ सुरू झाले, १९६८ मध्ये बहुतेक खाणी एका कंपनीत एकत्र आणल्या गेल्या, आणि तिथून खाणी बंद करण्याचा वेग सरकार, कंपनी व कामगार संघटना यांच्या संमतीने ठरत गेला. मुदतपूर्व निवृत्तिवेतन, एका खाणीतून दुसरीत बदली आणि नव्या व्यवसायाचे प्रशिक्षण यांच्या आधारे हे काम जवळजवळ पन्नास वर्षे चालले आणि डिसेंबर २०१८ मध्ये शेवटची खाण बंद झाली. यासाठी प्रचंड सार्वजनिक पैसा लागला आणि त्या भागात बेरोजगारी आजही तुलनेने अधिक आहे. तितका पैसा भारतासारख्या देशाला त्या काळी खर्च करता आला नसता हेही मान्य करावे लागेल. मात्र मुंबईत शहराच्या मध्यावर शेकडो एकर जमीन होती, तिची किंमत वाढतच होती आणि त्या वाढीतील एक निश्चित वाटा कामगारांच्या पुनर्वसनासाठी वेळीच बांधून घेणे अशक्य नव्हते. कामगारांना घरे देण्याची योजना नंतर आली आणि म्हाडाने सोडतीही काढल्या, परंतु तोवर एक पिढी वृद्ध झाली होती आणि अर्जदारांच्या तुलनेत घरे फार थोडी होती.

आजच्या संदर्भात

किरकोळ दुकानदारी, बँकांतील कारकुनी, छपाई, वाहनांच्या इंजिनांचे सुटे भाग, अनुवाद आणि संगणकप्रणालीचे प्राथमिक काम अशा अनेक क्षेत्रांत आज बदलाची चिन्हे स्पष्ट आहेत, आणि गिरणगावाचा अनुभव तेथील लोकांना काही ठोस गोष्टी सांगतो. व्यक्तीने आणि कुटुंबाने आपले उत्पन्न कोणत्या एका संस्थेच्या चार भिंतींवर अवलंबून आहे हे चांगल्या काळातच तपासावे, कारण नवे कसब शिकण्यासाठी लागणारी सवड आणि शिल्लक संकट आल्यावर मिळत नाही. उद्योजकाने नफ्याच्या वर्षांत यंत्रे, माणसांचे प्रशिक्षण आणि नवी बाजारपेठ यांवर खर्च करावा. मुंबईच्या गिरण्यांनी सुताकडून कापडाकडे वळताना ते केले होते आणि पुढे अनेकांनी ते टाळले. संघटनांनी नोकरी टिकवण्याच्या लढ्यासोबतच नोकरी जाण्याच्या अटींवरही, म्हणजे पूर्वसूचना, मोबदला आणि पुनर्शिक्षण यांवर, काम हातात असतानाच करार करून घ्यावेत. शासनाने आधाराच्या योजना कारखान्याच्या कायदेशीर अवस्थेशी न जोडता माणसाच्या प्रत्यक्ष बेकारीशी जोडाव्यात.

बदलाशी जुळवून घेण्याचा उपदेश बहुतेक वेळा त्यांनाच केला जातो ज्यांच्याजवळ जुळवून घेण्याची साधने सर्वांत कमी असतात. गिरणगावातील माणसे बदलाला घाबरणारी नव्हती; गाव सोडून, अनोळखी यंत्रापुढे उभे राहून त्यांनी एका आयुष्यात केवढे तरी बदल पचवले होते. त्यांना हवी होती ती वेळेवर मिळालेली माहिती, बोलण्याचा अधिकार, काही वर्षांचा निश्चित आधार आणि ज्या जमिनीवर त्यांनी संपत्ती निर्माण केली तिच्या वाढत्या मोलात वाटा. या चार गोष्टी देणे समाजाच्या हाती असते, आणि म्हणून पुढच्या प्रत्येक स्थित्यंतरात त्या आधी मागितल्या गेल्या पाहिजेत.