ताप आला, तरी पुढची लस चुकवू नये

दीड महिन्याच्या बाळाला लस टोचली की कधीकधी ताप येतो, मांडी सुजते. आई घाबरते आणि पुढच्या खेपेस बाळाला आणीत नाही. वस्तुतः हा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. शरीर रोगाशी लढण्याची तयारी करीत असल्याची ती खूण असते. ताप न आला, तरीही लस आपले काम करतेच.

घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आदी पाच रोगांवरील पेंटाव्हॅलंट लस ६, १० व १४ आठवड्यांनी तीनदा दिली जाते. पहिल्या मात्रेने शरीराला रोगाची ओळख पटते. पुढील मात्रांनी प्रतिकारशक्ती दृढ होते. एकच मात्रा घेतलेले बालक पुरेसे सुरक्षित नसते.

ताप उतरला नाही किंवा झटके आले, तर बाळाला त्वरित प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. आशा कार्यकर्ती, शिक्षक व पंचायत सदस्यांनी हे मातांना लस टोचण्यापूर्वीच समजावून सांगितले, तर पुढची मात्रा चुकणार नाही.