बंद पडलेल्या मालमोटारीचें पुनरुज्जीवन

अमेरिकेंतील टोलेडो येथील विलीज-ओव्हरलँड कंपनीनें १९४७ सालीं चारी चाकांना गति देणारी एक टनी मालमोटार विकावयास काढली. युद्धांत नांवाजलेल्या जीपचीच ही मोठी बहीण. तिचें उत्पादन १९६५ पर्यंत चाललें. जीपची जोडणी मुंबईंत महिंद्रांनीं १९५० च्या आधींच सुरू केली होती. त्यामुळें या मालमोटारीविषयीं जें सांगावयाचें, तें आपल्याकडे एखाद्या मळ्यांत धूळ खात उभ्या असलेल्या जुन्या जीपलाही बव्हंशीं लागू पडतें.

वीस वर्षें उभी राहिलेली गाडी तितकींच वर्षें चाललेल्या गाडीपेक्षां पुष्कळदां अधिक बिघडलेली असते. सिलिंडरांत दमट हवा शिरते, भिंतींवर गंज चढतो आणि पिस्टनांवरील कड्या त्या गंजांत घट्ट रुततात. अशा वेळीं बहुतेक मालक नवी बॅटरी जोडून कळ दाबतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या गाडीनें ओढून इंजिन फिरवूं पाहतात. सुटण्याजोगें इंजिन या घाईनें मोडतें. आधीं स्पार्क प्लग काढावे, प्रत्येक सिलिंडरांत पातळ तेल व रॉकेल यांचें मिश्रण ओतावें आणि दोन-चार दिवस स्वस्थ बसावें. मग हँडलानें, अंगाचा भार न टाकतां, अंगुळभर पुढें व अंगुळभर मागें असें हलवीत जावें. इंजिन सुटलें तरी काम संपत नाहीं. १९४७ च्या इंजिनांत झडपा सिलिंडरच्या बाजूस असतात व त्या उघड्याच अडकून राहतात. बाजूचें झांकण काढून प्रत्येक झडप खालीं-वर होते कीं नाहीं, हें डोळ्यांनीं पाहावें.

जुनें वंगण काढून नवें भरावें. टाकींतील पेट्रोलचा डिंकासारखा थर झालेला असतो, म्हणून पहिल्यानें इंजिनास वेगळ्या लहान डब्यांतून पेट्रोल द्यावें. हल्लींच्या पेट्रोलमध्यें मद्यार्क मिसळलेला असतो. तो पाणी शोषून घेतो व जुन्या रबरी नळ्या बिघडवितो; सबब त्या आधींच बदलाव्या.

इंजिन बोलूं लागलें कीं मालकाला गाडी रस्त्यावर नेण्याची घाई होते. येथेंच जिवाशीं गांठ आहे. या गाडीचे चारी ब्रेक एकाच मुख्य नळकांड्यांतील तेलाच्या दाबावर चालतात. एका चाकाशीं गळती लागली तरी चारी चाकांचा ब्रेक जातो. तें तेल हवेंतील पाणी शोषितें आणि आंतून गंज धरवितें. अंगणांत पायाला घट्ट लागलेला ब्रेक पहिल्याच उतारावर रिकामा पडूं शकतो. हातब्रेक मागच्या दांड्यावर बसविलेला असून तो उभी गाडी धरण्यापुरताच मानावा. नव्या रंगावर जो पैसा जातो, तो आधीं रबरी वाट्या, नळ्या व नळकांडीं यांवर खर्च झाला तर बरें.

चारी चाकांची परीक्षा कोरड्या डांबरी रस्त्यावर कधींही घेऊं नये. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां मोठा वळसा घेतात, म्हणून तीं अधिक फिरावयास हवीं; पण गीअरपेटीमागील ट्रान्सफर पेटी दोन्हीं दांडे एकाच वेगानें फिरविते. चिखलांत चाक घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या रस्त्यावर तो दांड्यांत पीळ होऊन सांचतो, आणि मग दांडी ओढली तरी पुढचीं चाकें सुटत नाहींत. टायरांचा घेर कमी-जास्त असला तर सरळ चालतांनाही हेंच होतें. त्यासाठीं चारी टायर एकाच मापाचे घालून गाडी ओल्या शेतांत न्यावी, आधीं पुढच्या चाकांची दांडी लावावी आणि मगच मंदगतीची. मंदगतींत वेग निम्म्याहून कमी व जोर दुपटीहून अधिक होतो. पुढच्या आंसाच्या टोकांशीं असलेल्या गोलांतून वंगण ठिबकत नाहीं ना, हें घरीं परतल्यावर गाडीखालीं शिरून पाहावें.