अनोळखी उंबरठा

अपरिचित उपासनामंदिरात प्रथमच जाणाऱ्याला बहुधा श्रद्धा अडवीत नाही, सवय अडविते. केव्हा उठावे, केव्हा बसावे, कोणत्या चालीवर गावे, काहीच ठाऊक नसते.

आपल्या जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळी मराठी चर्चमधील पुष्कळ गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती. शब्द मराठी, पण चाल परकी. टिळकांनी उपासनेकडे पाठ फिरविली नाही. अभंग, पदे यांचे आपले धन त्यांनी तेथे नेले, आणि चर्चनेही ते स्वीकारले. त्यांची गीते मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गायिली जातात.

लक्ष्मीबाईंची वाट अधिक बिकट. सोवळे, पाणी, पंगत अशा रोजच्या गोष्टींतच त्यांची कसोटी लागली. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, पतीनंतर पाच वर्षांनी. 'स्मृतिचित्रे'त हा प्रवास त्यांनी निर्मळ विनोदाने सांगितला आहे.

या दांपत्याने धर्म बदलला. पाहुण्याला तसे काहीच करावे लागत नाही. नाताळात मित्रासोबत चर्चमध्ये बसल्याने आपला धर्म बुडत नाही, आणि आपल्या कीर्तनाला आल्याने त्याचाही नाही. मात्र येणाऱ्याने संकोच सोडावा, तसे आत बसलेल्यांनी थोडे सरकून जागा द्यावी. उंबरठा दोन्ही बाजूंनी ओलांडावा लागतो.