पिकअपमध्ये हॅम रेडिओ बसवताय? आधी वायर बघा

घाटात मोबाईलची रेंज जाते, म्हणून आपल्यातले काही परवानाधारक गाडीत हॅम सेट बसवतायत. चांगलंच आहे. पण लायटरच्या सॉकेटला तो जोडू नका. ५० वॅटचा सेट बोलताना साधारण १० ते १२ अँपियर करंट ओढतो. सॉकेटची वायर बारीक, ती तापते. डॅशबोर्डच्या आत काय चाललंय ते दिसत नाही, जळका वास आल्यावरच कळतं.

जाड पॉझिटिव्ह वायर थेट बॅटरीवरून घ्या आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभरातच लावा. फ्यूज सेटजवळ लावला, आणि बोनेटखाली वायर घासून बॉडीला टेकली, तर फ्यूज उडणारच नाही, वायर पेटेल. पत्र्यातून वायर नेताना भोकात रबरी बुश हवाच. फ्यूज उडाला तर तार गुंडाळू नका, हे सांगायला नको, तरी सांगतोय.

मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात, सेट १२ चा. थेट जोडला तर गेलाच.

अँटेना टपाच्या मधोमध बसवा. १४५ मेगाहर्ट्झला अर्धा मीटर काडी पुरते.

परवाना नसेल तर बोलायचं नाही. परीक्षा दूरसंचार विभागाची, वय किमान १२. आणि परवाना असला तरी मालाचा सौदा यावर करायचा नाही, हॅम रेडिओ धंद्यासाठी नाही. भाव विचारायला फोनच करा.